पत्ता दिलात, तर हिशेबही द्या

२००९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात डेल्टा व्हेगा नावाच्या बर्फाळ ग्रहावर मालिकेतला तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक म्हातारपणी उभा असतो आणि वर आभाळात त्याचा जन्मग्रह व्हल्कन आतल्या आत कोसळून नाहीसा होतो. प्रसंग काळजाला हात घालणारा आहे. पण जुने चाहते तो पाहून हळहळले कमी आणि भडकले जास्त. १९६६ साली मूळ मालिकेत हाच डेल्टा व्हेगा आकाशगंगेच्या पार कडेजवळ होता, माणसाची वस्ती नसलेल्या टापूत. तो ४३ वर्षांत उठून व्हल्कनच्या शेजारी कसा आला? बरे, शेजारी म्हणजे तरी किती? पडद्यावर व्हल्कन आपल्या पौर्णिमेच्या चंद्राहून मोठा दिसतो. एवढा मोठा दिसायचा तर डेल्टा व्हेगा त्याच्या उपग्रहाइतका जवळ हवा. आणि त्याच १९६६ सालात स्पॉकने स्वतःच्या तोंडाने यानावरच्या सहकारी उहुराला सांगून ठेवले आहे की व्हल्कनला चंद्र नाही.

पटकथाकारांनी नंतर सरळ सांगून टाकले: नाव ओळखीचे होते, चाहत्यांना गंमत वाटेल म्हणून घेतले, आणि ग्रह आमच्या सोयीच्या जागी आणला. आभाळात तो तसा दिसण्याबद्दल म्हणाल, तर ते शब्दशः घेऊ नका. चाहत्यांनी ही कैफियत ऐकून घेतली आणि पुन्हा भांडायला बसले. काहींनी तडजोड सुचवली की डेल्टा व्हेगा नावाचे दोन ग्रह असावेत. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात तीन-तीन पिंपळगावे असतात, तेव्हा ही तडजोड मला तरी फारशी वावगी वाटत नाही.

असल्या वादांवरचा शेरा ठरलेला आहे: सिनेमाच तो, कशाला एवढा काथ्याकूट? मला हा शेरा पटत नाही. पण चाहत्यांची प्रत्येक तक्रार रास्त असते असेही नाही. माझ्या मते इथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. एखाद्या चित्रपटाने कल्पनेतले जग कल्पनेतच ठेवले, तर आकाशाचा नकाशा हातात घेऊन त्याला जाब विचारण्याचा हक्क कोणालाच नाही. पण खऱ्या ताऱ्याचे नाव घेऊन ‘आमचे जग तिथे आहे’ म्हटले, की त्या ताऱ्याचे वय, अंतर, तेज हे सगळे पदरात घ्यावे लागते. खऱ्या नावाचा रुबाब हवा आणि त्याचे बंधन नको, हे चालायचे नाही.

‘स्टार वॉर्स’ने १९७७ साली सुरुवातीच्याच ओळीत सांगून टाकले की गोष्ट फार जुनी आहे आणि दूरच्या कुठल्याशा आकाशगंगेतली आहे. कहाण्यांमधले आटपाट नगर कुठल्या तालुक्यात येते असे कोणी विचारत नाही, हेही तसेच. टॅटूइन हा दोन सूर्यांचा वाळवंटी ग्रह नेमका कुठे, यावर चाहते तासन् तास बोलतात. कथेचा नायक ल्यूक म्हणतो, विश्वाला झगमगते केंद्र असलेच तर त्यापासून सर्वांत लांबचा ग्रह तो हाच; आणि तरीही कथेतला जो तो फिरून फिरून त्याच ग्रहावर येऊन आदळतो. यावर बोलावे, जरूर बोलावे. पण हा वाद कथेच्या आतल्या मेळाचा आहे, आकाशाचा नाही. त्याच कथेतला तस्कर हान सोलो आपल्या यानाच्या वेगाची फुशारकी पार्सेकमध्ये मारतो, आणि पार्सेक हे तर अंतराचे माप! त्यावर चाहत्यांनी चाळीस वर्षे कीस पाडला, आणि २०१८ च्या ‘सोलो’ चित्रपटात शेवटी खुलासा आला की पठ्ठ्याने वाटच जवळची पकडली होती. खुलासा ओढूनताणून आणलेला आहे. पण खरी गोम वेगळीच आहे. पार्सेकची व्याख्या पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेवरून केलेली आहे. दूरच्या आकाशगंगेतल्या त्या तस्कराला पृथ्वीची कक्षा कुठून ठाऊक? तेव्हा तिथे मोजपट्टी लावूच नये हे उत्तम.

२०११ साली केपलर दुर्बिणीने केप्लर-१६ बी हा दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह शोधला तेव्हा टॅटूइनचे नाव सगळीकडे झळकले. त्याला माझी हरकत नाही, कारण तिथे कोणी ‘टॅटूइन सापडला’ असा दावा करत नव्हते. दोन सूर्यांचे सूर्यास्त खरोखरच असू शकतात, एवढेच म्हणणे होते. तो ग्रह शनीएवढा आणि थंडगार आहे. वाळू नाही, ल्यूकही नाही.

पृथ्वीवरच्या पत्त्यांचे वाद तुलनेने सोपे, कारण तिथे जाऊन पाहता येते. टॅटूइनचे नाव ट्युनिशियातल्या ततावीन गावावरून आले, चित्रीकरण झाले ते शॉट अल जरीदच्या मिठागरात आणि मत्माताच्या जमिनीखालच्या घरांत. ल्यूकच्या घराचा तो पांढरा घुमट पडायला आला तेव्हा २०१२ साली चाहत्यांनीच पैसे जमवून त्याची डागडुजी केली. चीनमध्ये प्रकरण जरा वेगळ्या वळणावर गेले. ‘अवतार’मधले हवेत तरंगणारे डोंगर कशावरून घेतले, यावर दोन प्रांतांत जुंपली. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी बीजिंगमध्ये आन्हुई प्रांतातल्या हुआंगशानचे नाव घेतले होते. तरी हुनान प्रांतातल्या जांगजियाजियेने जानेवारी २०१० मध्ये आपल्या एका उंच सुळक्याचे बारसे करून त्याला ‘अवतार’मधल्या डोंगराचे नाव देऊनही टाकले. भक्ती कमी आणि पर्यटकांचा पैसा जास्त, असा तो मामला. शेकडो वर्षे चिनी चित्रकारांनी ज्या डोंगरांची चित्रे काढली, त्यांना आता परक्या चित्रपटाचे प्रशस्तिपत्र हवे, याचे मला वाईट वाटते. पण तो विषय निराळा.

आता व्हल्कनकडे वळू. चाहत्यांचा वाद किती उंचीवर जाऊ शकतो याचे हे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

मूळ मालिकेत व्हल्कनचा सूर्य कोणता हे स्पष्ट केलेले नव्हते. लेखक जेम्स ब्लिश यांनी १९६८ च्या सुमारास त्या भागांच्या कथा करून छापल्या, त्यात त्यांनी ४० एरिडानी या ताऱ्याचे नाव घातले. दुसऱ्या काही पुस्तकांनी एप्सिलॉन एरिडानीची बाजू घेतली. दोन्ही तारे एरिडॅनस या तारकासमूहातले, दोन्ही सूर्याहून थोडे लहान व केशरी, दोन्ही आपल्या जवळचे: एप्सिलॉन साडेदहा प्रकाशवर्षांवर, ४० एरिडानी सोळा. चाहत्यांत तट पडले. तुम्हाला ४० एरिडानी पाहायचा असेल तर हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र वर आले की त्यातला पांढराशुभ्र राजन्य तारा धरा, हात लांब करून त्याच्या पश्चिमेला दीड मूठ मोजा. तिथे एक मंद तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण शहरातून नाही; भंडारदऱ्यासारखे काळोखे आभाळ हवे.

१९९१ च्या जुलैमध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकात एक पत्र छापून आले. पत्राखाली हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातल्या सॅली बेलियुनास आणि त्यांच्या सहकारी खगोलशास्त्रज्ञांची नावे होती, आणि त्यांच्या जोडीला जीन रॉडेनबेरी, म्हणजे ‘स्टार ट्रेक’चे जन्मदाते. पत्रात म्हटले होते की व्हल्कनचा सूर्य ४० एरिडानीच असला पाहिजे. कारण? माउंट विल्सन वेधशाळेतून १९६६ पासून (योगायोग पाहा, मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली) सूर्यासारख्या अनेक ताऱ्यांच्या चुंबकीय हालचालींची नोंद ठेवली जात होती. तारा तरुण असतो तेव्हा वेगाने गिरक्या घेतो, त्याच्या पृष्ठभागावर धुमश्चक्री जास्त असते. वय वाढते तशी गिरकी मंदावते आणि धुमश्चक्रीही. या नोंदींवरून एप्सिलॉन एरिडानीचे वय निघाले जेमतेम १०० कोटी वर्षे. पृथ्वी त्या वयाची होती तेव्हा इथे जंतूंपलीकडे काही नव्हते. ४० एरिडानीचे वय मात्र ४०० कोटी वर्षांच्या घरात, म्हणजे जवळजवळ आपल्या सूर्याएवढे. स्पॉकसारखे तर्कनिष्ठ डोके तयार व्हायला तेवढा अवधी पाहिजेच.

या पत्राचे मला फार अप्रूप वाटते. रॉडेनबेरी काही ‘मी कर्ता आहे, मी म्हणेन तो तारा’ असे म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर त्यांना कोण अडवणार होते? ते शास्त्रज्ञांबरोबर बसले, वेध काय सांगतात ते पाहिले आणि कारण देऊन निकाल दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. आणि चाहत्यांनी तो निकाल मानला तो त्यातल्या कारणासाठी. कर्त्याच्या शब्दाला वजन असते ते त्यामागच्या कारणामुळे, मालकीमुळे नाही, असे मी मानतो. डेल्टा व्हेगाच्या बाबतीत पटकथाकारांकडे फक्त मालकी होती.

वाद तिथे संपला असे मात्र समजू नका. ४० एरिडानी हे तीन ताऱ्यांचे कुटुंब आहे. मुख्य केशरी तारा, आणि त्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे चारशे पट दूर एक श्वेत बटू आणि एक तांबडा बटू (लहान, मंद तारा) यांची जोडी. व्हल्कनच्या रात्रीत हे दोघे ठळक चमकत असणार, हे चित्र त्या पत्रातही आहे. पण श्वेत बटू म्हणजे ताऱ्याचे कलेवर. तो एके काळी मुख्य ताऱ्याहून भारी होता, म्हणूनच आधी जळून संपला. संपण्यापूर्वी फुगून तांबडा राक्षसी तारा झाला आणि अंगावरचे थर त्याने अवकाशात फेकून दिले. त्या काळात व्हल्कनवर काय गुदरले असेल? तिथले जीवन टिकले कसे? काही चाहते म्हणतात, त्यामुळेच तर व्हल्कन वाळवंटी झाला! मला हे उत्तर छान वाटते. खरे असण्याचा प्रश्न नाही, ताऱ्याचा खरा इतिहास गोष्टीत कसा ओवता येतो याचा तो वस्तुपाठ आहे. चारशे पट अंतर पाहता प्रत्यक्षात तापमानवाढ बेताचीच झाली असती, असे दुसरा चाहता लगेच हिशेब मांडून सांगतो. चालू द्या.

चंद्राच्या बाबतीतही असेच घडले. १९७९ च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात व्हल्कनच्या आभाळात भलेमोठे गोल लटकताना दाखवले होते. ‘व्हल्कनला चंद्र नाही’ हे स्पॉकचे वाक्य पाठ असलेल्यांनी बोट ठेवले. काहींनी सारवासारव म्हणून व्हल्कनला एक जुळा ग्रह बहाल केला. २००१ साली चित्रपटाची दिग्दर्शकाने सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा ते गोल आभाळातून काढून टाकलेले होते. बोट ठेवणे फुकट गेले नाही.

आता उलटे उदाहरण घ्या. १९७९ च्या ‘एलियन’मध्ये यानातली माणसे झोपेतून जागी होतात, बाहेर आपला सूर्य दिसेल म्हणून पाहतात, तर सूर्य नाही, नकाशे चाळून कळते की आपण झीटा-२ रेटिक्युलीच्या अलीकडे कुठेतरी आहोत. काय सुरेख जागा निवडली आहे! झीटा रेटिक्युली ही सूर्यासारख्या दोन ताऱ्यांची जोडी, ३९ प्रकाशवर्षांवर, दक्षिणेच्या खोल आभाळात. गोव्याच्या किनाऱ्यावरूनही ती क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर येते, आणि इतकी मंद की समुद्रावरच्या धुरकट हवेत दिसणे कठीण. परग्रहवासीयांच्या संदर्भात या जोडीचा बोलबाला त्याआधीच झालेला होता. १९६१ साली आपल्याला परग्रहवासीयांनी पळवून नेले असे सांगणाऱ्या एका अमेरिकी बाईने आठवणीतून काढलेला ताऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध होता. ओहायोतल्या एका शिक्षिकेने दोऱ्यांना मणी बांधून आसपासच्या ताऱ्यांची त्रिमितीय मांडणी केली आणि तो नकाशा झीटा रेटिक्युलीवरून काढल्यासारखा दिसतो असे दाखवले. डिसेंबर १९७४ मध्ये ‘अॅस्ट्रॉनॉमी’ मासिकाने त्यावर मोठा लेख छापला. पुढे हिपार्कोस उपग्रहाने ताऱ्यांची अंतरे जास्त अचूक मोजली आणि मण्यांची ती मांडणी विस्कटली. पळवून नेण्याच्या कथेवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण दोऱ्यांना मणी बांधत वर्षे घालवणाऱ्या त्या बाईंचा मला आदर वाटतो. निदान तपासता येईल असे काहीतरी त्यांनी मांडले, म्हणून तर ते खोडता आले.

‘एलियन’च्याच मालिकेतला २०१२ चा ‘प्रोमिथिअस’ आला आणि सगळा घोळ झाला. यातला ग्रह, म्हणजे खरे तर उपग्रह, एलव्ही-२२३. जुन्या चित्रपटांतला एलव्ही-४२६. दोन्ही एकाच ताऱ्याभोवती की वेगवेगळ्या? चाहते पडद्यावरच्या पाट्या थांबवून थांबवून वाचू लागले. एका पाटीवर पृथ्वीपासूनचे अंतर दिले आहे: ३.२७ गुणिले १० चा चौदावा घात किलोमीटर. प्रकाशवर्षांत साडेचौतीस. झीटा रेटिक्युलीचे खरे अंतर त्याच मापात ३.७२. म्हणजे २ आणि ७ यांची अदलाबदल झाली का, अशी शंका येते. टंकलेखनातली चूक की मुद्दाम दिलेला वेगळा तारा? यावर आजही एकमत नाही. पण कहर पुढे आहे. त्याच चित्रपटात चार्लीज थेरॉनचे पात्र म्हणते की मी पृथ्वीवरल्या पुरुषांपासून अर्धा अब्ज मैल दूर आले आहे. अर्धा अब्ज मैल म्हणजे ८० कोटी किलोमीटर, गुरूच्या कक्षेच्या जरासे पुढे! खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी त्यावर ट्विटरवर चांगलीच खरडपट्टी काढली. पाटीवरचा आकडा आणि संवादातला आकडा यांत चार लाख पटींचा फरक आहे.

बोलण्याच्या ओघात आकडा असाच तोंडातून गेला, पात्र काही गणित मांडत नव्हते, असे म्हणता येईल. मग पाटीवर तीन अंकांपर्यंत नेमके अंतर कशाला? प्रेक्षकाला ‘हे खरे आहे, मोजलेले आहे’ असे वाटावे म्हणूनच ना? खरेपणाचा आव आणण्यासाठी आकडा वापरला, तर आकडा तपासणाऱ्यावर चिडायचा अधिकार उरत नाही. प्रचंड खर्चाच्या चित्रपटात जिथे शिरस्त्राणाच्या काचेवरच्या उजेडासाठी माणसे राबतात, तिथे एक गुणाकार तपासायला एक दुपारही पुरली असती.

‘ड्यून’चे उदाहरण मला सर्वांत अवघड वाटते, कारण तिथे माझाच नियम मला जड जातो. १९६५ च्या मूळ कादंबरीत अराकिस हा वाळवंटी ग्रह कॅनोपसभोवतीचा तिसरा ग्रह आहे. कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य. आता हिशेब मांडू. अगस्त्य आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, आणि सूर्याच्या दहा हजार पटींहून अधिक तेजस्वी. त्याच्या ग्रहाला पृथ्वीएवढीच ऊब मिळायची तर तो शंभर पट दूर हवा, आणि तिथले एक वर्ष आपल्या तीनशेहून जास्त वर्षांचे होईल. शिवाय एवढा भारी तारा काही कोटी वर्षांतच संपत येतो; तिथे कादंबरीतले अजस्र वाळूकिडे उपजायला वेळच नाही. हिशेबाने अराकिस तिथे बसत नाही. तरी मला तो तिथून हलवावासा वाटत नाही, आणि कारण अगदी आपल्या घरचे आहे. अगस्त्य ऋषींनी एका आचमनात समुद्र पिऊन टाकला अशी आपली कथा. आणि ज्या ग्रहावर पाण्याचा टिपूस नाही तो ग्रह नेमका अगस्त्याच्या वाट्याला! लेखक फ्रँक हर्बर्ट यांच्या मनात हे असेल असे मला वाटत नाही. पण असा योग जुळून आला की खगोलशास्त्राचा हट्ट थोडा सैल पडतो, हे मान्य करायला हवे. तेवढी सूट मी कादंबरीला देईन. कारण कादंबरीने अगस्त्याचे नाव एकदा घेतले आणि ती पुढे गेली. त्या नावावर तिने खरेपणाची हमी उभी केली नाही. ज्यांना अराकिसचा बिनतोड पत्ता हवा असेल, त्यांच्यासाठी सोय झालेली आहे: शनीच्या टायटन या उपग्रहावरच्या मैदानांना ‘ड्यून’मधल्या ग्रहांची नावे द्यायची पद्धत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने पाडली आहे, आणि तिथे दक्षिणेकडे अराकिस नावाचे मैदान अधिकृतपणे आहे.

सगळीच नावे मात्र अशी मिळत नाहीत. २०१३ साली प्लूटोच्या दोन नव्या चंद्रांना नावे द्यायची म्हणून लोकांची मते मागवली. ‘स्टार ट्रेक’मध्ये कॅप्टन झालेले नट विल्यम शॅटनर यांनी व्हल्कन सुचवले आणि साडेचार लाखांच्या आसपास मतांपैकी पावणेदोन लाखांच्या घरात त्याला पडली. पहिला क्रमांक! पण संघाने नाव नाकारले आणि चंद्र झाले कर्बेरॉस आणि स्टिक्स. चाहते खवळले. इथे मात्र मी संघाच्या बाजूचा आहे. प्लूटोच्या चंद्रांची नावे पाताळाशी नाते सांगणारी असतात, आणि व्हल्कन हा अग्नीचा देव. शिवाय ते नाव खगोलशास्त्राच्या इतिहासात आधीच खर्ची पडले आहे. बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते, म्हणून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी १८५९ साली बुधाच्या आत एक ग्रह असावा असे मांडले. त्याला नाव दिले व्हल्कन. लोकांनी तो पाहिल्याचे दावेही केले. १९१५ साली आइनस्टाइनच्या सिद्धांताने त्या ४३ विकलांचा हिशेब ग्रहाविनाच लावला आणि व्हल्कन आकाशातून पुसला गेला. मताधिक्याने नाव देता येते, ग्रह देता येत नाही. पण इथे नावालाही पूर्वीचा मालक होता.

आणि व्हल्कन दुसऱ्यांदाही पुसला गेला. २०१८ मध्ये अॅरिझोनातल्या माउंट लेमनवरून चालणाऱ्या ‘धर्मा’ सर्वेक्षणाने जाहीर केले की ४० एरिडानीभोवती पृथ्वीच्या आठपट वस्तुमानाचा ग्रह ४२ दिवसांत फेरी मारतो. जगभर मथळे: स्पॉकचा ग्रह सापडला! पद्धत अशी की ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा डुलतो, त्याच्या प्रकाशात ते डुलणे उमटते. मुश्कील ही की ४० एरिडानी स्वतःभोवती गिरकी घेतो तीही साधारण ४२ दिवसांत. मग डुलणे ग्रहामुळे, की ताऱ्याच्या पृष्ठभागावरचे डाग व उकळत्या वायूचे थर गिरकीबरोबर समोर येऊन-जाऊन तसा भास करतात? दुसऱ्या एका गटाने त्याच वर्षी ही शंका लेखी मांडली होती. २०२४ मध्ये किट पीक वेधशाळेतल्या ‘निड’ या अतिसूक्ष्म उपकरणाच्या मोजमापांनी निर्वाळा दिला: ग्रह नाही, ताऱ्याचीच थरथर.

शास्त्रज्ञांनी यात काही वावगे केले असे मी म्हणणार नाही. शोध असाच चालतो, पुढच्याने मागच्याला तपासायचे. माझा राग आहे तो व्हल्कनचे नाव जोडून बातमी फुगवणाऱ्यांवर. कल्पनेतल्या नावाची ऊब घेऊन कच्चा दावा पक्का करून विकला, आणि तो मोडल्यावर तेवढ्या मोठ्या अक्षरांत सांगितले नाही. ‘प्रोमिथिअस’ने खऱ्या ताऱ्याचा रुबाब उसना घेऊन हिशेब बुडवला, इथे खऱ्या ताऱ्याच्या बातमीने सिनेमाचा रुबाब उसना घेतला. व्यवहार उलट दिशेने, लबाडी तीच. गंमत अशी की ज्यांना आपण वेडे म्हणतो त्या चाहत्यांना ४२ दिवसांची ती अडचण ठाऊक होती. ताऱ्याची गिरकी किती दिवसांची, हे त्यांच्या वादात कधीचेच आले होते.

आपल्या हिंदी चित्रपटांनी हे झंझटच ठेवलेले नाही. २०१४ च्या ‘पीके’तला पाहुणा आपल्या ग्रहाला नुसते ‘गोला’ म्हणतो. कुठला तारा, किती दूर, काही नाही. आटपाट नगराचाच मार्ग, आणि त्यात खोट नाही. पण मराठी वाचकाला दुसरीही वाट ठाऊक आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली तेव्हापासून त्यांचा आग्रह एकच राहिला: विज्ञानकथेत कल्पनेला मोकळे रान द्या, पण पक्क्या ठरलेल्या विज्ञानाला टांग मारू नका. त्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ‘सिनेमाच तो’ हे उत्तर पुरत नाही, आणि पुरूही नये.

सध्या पाळी आहे ‘अवतार’च्या पँडोराची. तो चंद्र पॉलिफीमस नावाच्या वायुरूप राक्षसी ग्रहाभोवती फिरतो, आणि तो ग्रह अल्फा सेंटॉरी ए भोवती. म्हणजे नरतुरंगातला मित्र तारा, मे महिन्यात रात्री महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा, ४.३७ प्रकाशवर्षांवरचा. नायक तिथे पोहोचायला पावणेसहा वर्षांहून थोडा जास्त काळ झोपून काढतो. हिशेब केला तर सरासरी वेग प्रकाशाच्या पाऊणपट येतो, तेव्हा इथे तरी कोणीतरी गणित केलेले दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या चमूने जाहीर केले की अल्फा सेंटॉरी ए जवळ शनीएवढ्या वस्तुमानाच्या वायुग्रहाची खूण मिळाली आहे. ऑगस्ट २०२४ च्या चित्रात तो ठिपका आहे. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिले तेव्हा नव्हता. कक्षेत फिरता फिरता ताऱ्याच्या झगमगाटात दडला असेल, असे त्यांचे गणित सांगते. शास्त्रज्ञ त्याला ‘उमेदवार’ म्हणतात. मथळ्यांत तो पँडोराचा यजमान ग्रह कधीच होऊन बसला. तो ठिपका पुन्हा एकदा, गणिताने सांगितलेल्या जागी दिसेपर्यंत त्याला पॉलिफीमस म्हणायला माझी तयारी नाही. आणि दिसलाच, तर चाहत्यांचा पुढचा प्रश्न तयारच आहे: दोन सूर्यांच्या ओढाताणीत त्या ग्रहाला पँडोराएवढा चंद्र धरून ठेवता येईल का?